दहशतवादी कोणाला म्हणायचं?



व्याख्येचा विषय कोरडा वाटतो. पण 'दहशतवादी' कोणाला म्हणायचं, यावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं, हे आपल्या मोहल्ल्यांना कोणी सांगायला नको.

वाद रंगला की कोणीतरी म्हणतंच, 'एकाचा दहशतवादी हा दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक.' हे वाक्य मीही टाळ्यांसाठी वापरलेलं आहे. आज मला ती पळवाट वाटते. लढा कशासाठी, हा एक प्रश्न. मारलं कोणाला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर न्याय्य असलं म्हणून दुसरा सुटत नाही.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले, ते जीव जाऊ नये अशा बेतानं. पळून न जाता त्यांनी अटक करवून घेतली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्थानकात दिसेल त्या प्रवाशावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा फरक धर्माचा किंवा झेंड्याचा नाही. निःशस्त्र, बेसावध माणसाला मारून इतरांना धाक घालणं, ही माझी व्याख्या.

मग हेच सरकारी फौजेनं केलं तर? माझ्या मते नाव तेच. जगाचं घोडं इथंच अडलं आहे. भारतानं १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला. मुक्तिलढे आणि देशांची सैन्यं त्यात धरायची की नाहीत, यावर अजून एकमत नाही.

ही कसोटी आपल्यालाही दोन्ही बाजूंनी लागते. २००६ च्या मालेगाव स्फोटांत मेले ते बहुतेक मुसलमान, आणि आधी पकडले गेले तेही मुसलमान. २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. नावावरून शिक्का मारला की काय होतं, ते आपण पाहिलं. पण मारेकऱ्याचं नाव आपल्यासारखं असलं की 'आधी कारणं समजून घ्या' म्हणणं, हाही नावावरूनच केलेला निवाडा. २६/११ च्या हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा नाकारणाऱ्या मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी नाव नव्हे, कृत्य पाहिलं.

तेव्हा पुढची बातमी येईल, तेव्हा 'कोणी केलं?' याआधी 'कोण मेलं?' हे विचारा. आरोपीबद्दल पुरावा मागा आणि मेलेल्यासाठी न्याय. दोन्ही एकाच आवाजात मागता आलं पाहिजे.