संग्रहालयातील उन्हाळी उमेदवारी
(वार्षिक मेळाव्यात युवक-युवती व पालकांसमोर केलेले भाषण)



इंग्लंडमधील गावोगावच्या लहान इतिहास-संग्रहालयांत आपली काही मुलेमुली या उन्हाळ्यात उमेदवारीसाठी जात आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पालकांची शंका मी जाणून आहे : बँक, इस्पितळ सोडून हे काय? आणि वेतनाचे काय? १९९८ च्या किमान वेतन कायद्यातून धर्मादाय संस्थांतील स्वयंसेवक वगळलेले आहेत, आणि अनेक लहान संग्रहालये अशाच संस्था चालवितात. म्हणून पगार मिळणार की केवळ प्रवासखर्च, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला?

काम मात्र क्षुल्लक नाही. पहिले दिवस काचेच्या कपाटांपाशी नव्हे, मागच्या कोठारात जातील. तेथे शाईचे पेन चालत नाही, पेन्सिलच वापरावी लागते. जुन्या छायाचित्रांना हातमोजे घालूनच हात लावायचा. वस्तू आली की प्रथम आवक-नोंद, मग मालकी-हस्तांतराची सही आणि त्यानंतर कायमचा क्रमांक. २०२४.७.३ म्हणजे २०२४ साली आलेल्या सातव्या संचातील तिसरी वस्तू. या साऱ्या व्यवहाराची ‘स्पेक्ट्रम’ नावाची प्रमाणपद्धती ब्रिटनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झाली.

हा क्रमांक मला फार मोलाचा वाटतो. ज्या वस्तूची नोंद नाही, ती कोणाची, कोठली, हे एका पिढीनंतर सांगणारे कोणी उरत नाही. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्यानंतर रोजगाराचे व्हाउचर घेऊन आलेल्या कित्येकांनी येथील ओतकामाच्या कारखान्यांत घाम गाळला. त्यांपैकी पुष्कळ कारखाने आज बंद आहेत. संग्रहालयात तेथील यंत्र दिसते, मालकाचे तैलचित्रही दिसते. त्या यंत्रावर रात्रपाळी करणारा आपला माणूस क्वचितच दिसतो. हे द्वेषापोटीच घडते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा आपण काही नेऊन दिलेलेच नसते! पगाराची पाकिटे, हजेरीची कार्डे, पहिल्या हिवाळ्यातला कोट आपल्याच माळ्यावर पडून असतात.

तेव्हा उमेदवारांनो, पहिल्याच आठवड्यात नोंदवही पाहायला मागा. संग्रहालय काय स्वीकारते, याचे लेखी धोरण असते, तेही वाचा. न विचारता पेट्या भरून नेऊ नका. आणि घरी आजी-आजोबांजवळ बसा. कोट कोणत्या दुकानातला, किती शिलिंगांना घेतला, कोणी घातला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. या माहितीविना तो नुसता जुना कोट आहे.

आवक-नोंदीचे कोरे नमुने मी आज बरोबर आणले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी भोजनाच्या वेळी मला भेटावे.