ओहोळांतील मासळीचे बियाणे

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



खाजणातील कोरगूट भात खारे पाणी सोसते. हा गुण त्याच्या बियाण्यात आहे; म्हणूनच जाणता शेतकरी उपासमार पत्करील, पण बियाणे मोडून खाणार नाही. मासळीचेही तसेच आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच नदीत वाढलेल्या माशांच्या अंगी त्या पाण्यास साजेसे गुण मुरतात. ते गुण वाहून नेणाऱ्या सूक्ष्म घटकांस शास्त्रज्ञ जनुके म्हणतात. मासे फार थोडे उरले, की आप्तांतच संकर होतो व संतती दुबळी निपजते.

पहिल्या पावसाच्या लोंढ्यात मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओहोळांत व शेतांत अंडी घालतात. हेच चढणीचे मासे आपण टोपल्या भरभरून धरतो. अंड्यांनी भरलेली मादी धरणे म्हणजे बियाण्याचे पोते फोडून भात शिजविणेच होय. शिवाय डिचोलीत खाणींचा गाळ जेथे ओहोळाच्या तळाशी बसतो, तेथे दगडगोट्यांतील अंडी गुदमरतात.

बाहेरचे मत्स्यबीज आणून सोडावे, असे कोणी सुचवील. त्यांनी कावेरीचा धडा ध्यानी घ्यावा. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या केंद्रात महासीर माशाची पैदास झाली. कार्य स्तुत्य होते. परंतु ते बीज कावेरीत सोडल्यावर तेथे फोफावले आणि तेथील मूळचा कुबडा महासीर मागे हटला. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

१९८३ साली स्थापन झालेली व आता लखनौ येथे असलेली राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था माशांच्या जनुकांचे जतन व अभ्यास करते. तथापि नदीसारखे कोठार दुसरे नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून कोणी त्यांस हात लावीत नाही. श्रद्धेने राखलेले ते बियाणेच होय.

म्हणून विनंती इतकीच. चढणीच्या दिवसांत जाळी व कोंडी आवरावी. सुरुंग व विष यांचा वापर १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच निषिद्ध आहे. तो गावानेही निषिद्ध मानावा. अधिकाऱ्यांनी बंधारा बांधताना माशांस चढण्याची वाट ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या ओहोळातील माशांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. शापोरा, तेरेखोल व वाळवंटी या नद्यांचे हे धन नातवंडांच्या हाती सुखरूप सोपविणे, हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.