पाटीवरचं गाव, तोंडातलं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत बसलात, की एक गंमत पाहायला मिळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला गाडी थांबते, पण फलाटावरच्या पाटीवर नाव असतं 'वडसा'. पुढे ती चंद्रपुरात शिरते, तर स्थानकाचं नाव 'चांदा फोर्ट'. शेवटी येतं ते शहर नगरपरिषदेच्या दप्तरी बल्लारपूर, स्थानक मात्र 'बल्हारशाह'. नागपूरच्या बाजूनं येताना भद्रावतीला उतरायचं असेल, तर तिकीट काढावं लागतं 'भांदक'चं.

म्हणजे तहसील कचेरीनं एक नाव घेतलं आणि रेल्वेनं दुसरं सांभाळलं. लोक या बाबतीत रेल्वेच्या बाजूचे. चांद्याचं चंद्रपूर झालं ते १९६४ च्या सुमारास. पण खेड्यातली जुनी माणसं अजूनही 'चांद्याले जातो' असंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

एकाच गावाची दोन-दोन नावं का, याचं उत्तर इथल्या भाषांत आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात झाडीबोली. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या जंगलात गोंडी आणि माडिया. खाली सिरोंच्याला, प्राणहिता-गोदावरीच्या काठावर तेलुगू. राजुऱ्याचा भाग तर पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, तो १९५९ साली या जिल्ह्याला जोडला गेला. पूर्वेला छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या गावांत बंगाली. इतक्या जिभांवरून फिरलेलं नाव एकाच रूपात कसं राहील?

झाडीबोलीचंच घ्या. या बोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. अमरावती-अकोल्याकडे याच डोळ्याचा डोया होतो. 'ण' नाही, म्हणून पाणी नव्हे, पानी. 'श' नाही, म्हणून चामोर्शीची चामोर्सी. हे सगळं ठरलेल्या नियमानं होतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश केला, तेव्हा बाहेरच्यांना हे नियम दिसले. बोलणाऱ्यांच्या जिभेला ते आधीपासून ठाऊक होते. मी या भागात बरीच वर्षं शिकवलं. 'डोरा' म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसतो, आणि तो पोरगा पुढे महिनाभर तोंड उघडत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता नावांच्या पोटात काय आहे ते पाहू. मूल रस्त्यावर चिचपल्ली आहे, तिथं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. चिच म्हणजे आपली चिंच, आणि पल्ली म्हणजे तेलुगूत गाव. एका नावात दोन भाषा सुखानं नांदतात. चिमूर तालुक्यात जांभुळघाट आहे. नावाच्या शेवटी 'बोडी' असेल, तर तिथं पाणी साठवायची लहान तळी होती असं समजावं. 'झरी' असेल तर झरा शोधावा. 'टोला' म्हणजे मूळ गावापासून फुटून निघालेली वस्ती. गोंडीत 'मेट्टा' म्हणजे डोंगर, 'येर' म्हणजे पाणी, 'नार' म्हणजे गाव. ज्याला हे शब्द येतात, त्याला नकाशा न उघडता गावाची हकिकत कळते.

पण ही नावं रोमन लिपीत जाऊन परत देवनागरीत येतात, तेव्हा घोटाळा होतो. इंग्रजीत त आणि ट ला एकच अक्षर, द आणि ड ला एकच, ल आणि ळ ला एकच. ताडोबाचं नाव तारू या गावप्रमुखावरून पडलं, तो वाघाशी झुंजताना मेला अशी कथा इथं सांगतात. बाहेरून येणारे पर्यटक म्हणतात 'टाडोबा'. त्यात तारू कुठं सापडणार?

पर्यटकाचं एक वेळ सोडून देऊ. माझ्या ओळखीच्या एका आजीबाईंच्या गावाचं नाव रेशनकार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि आधार कार्डावर तिसरंच होतं. एका कचेरीतल्या बाबूनं त्यांना विचारलं, "बाई, तुमचं खरं गाव कोणतं?" आजी म्हणाल्या, "मी रायतो तेच, जी." कागद परत आला. पुढचे चार महिने त्या एका अक्षरासाठी एसटीनं फेऱ्या मारत होत्या. प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी बुडत होती.

वनहक्काच्या बाबतीत तर नावाला आणखी मोल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला तो २००९ साली मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. मेंढा नावाची गावं अनेक, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. अशा दाव्यात वडीलधाऱ्यांचं निवेदन पुरावा म्हणून धरलं जातं. देवाची झाडं, देवराई, दफनाच्या जागा याही पुराव्यात येतात. आता वडीलधारी माणसं हद्द सांगतात ती कशी? या नाल्यापासून त्या मेट्ट्यापर्यंत, अमक्या देवाच्या झाडापासून तमक्या बोडीपर्यंत. यातली बहुतेक नावं कुठल्याच सरकारी नकाशावर नसतात. ती माणसं गेली आणि नातवंडांना नावं ठाऊक नसली, तर हद्द कोण दाखवणार?

म्हणून शाळेतल्या गुरुजी-बाईंना माझी एक विनंती आहे. यंदा पाचवी-सहावीच्या मुलांना एक वही द्या. गावातल्या प्रत्येक नाल्याचं, टेकडीचं, बांधीचं, बोडीचं नाव आजी-आजोबांना विचारून लिहायला सांगा. जसं ऐकलं तसंच लिहायचं, 'र' असेल तर 'र', 'स' असेल तर 'स'. लाल शाईनं ते दुरुस्त करू नका. गोंडी बोलणारी आजी असेल, तर शब्दाचा अर्थही विचारून घ्या. वर्षअखेर त्या वहीची एक प्रत ग्रामसभेच्या कपाटात ठेवा. उद्या कुणी हद्द विचारली, तर दाखवायला ती वही हाताशी असेल.