शनिवार कुणाचा?

नोकरी, घर आणि आपला स्वतःचा वेळ यांवर बोला, असं मला सांगितलंय. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात एकवीस वर्षं टेबल सांभाळते आहे, तेवढ्या अनुभवावरूनच बोलते.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. महिन्यातले दोन शनिवार आधीच मिळायचे, आता सगळे मिळाले. बदल्यात रोजची 45 मिनिटं वाढली, म्हणजे पावणेदहा ते सव्वासहा. मी केवढे बेत केले होते!

पण शनिवार आला की कूलर धुणं, तांदूळ निवडणं, सासूबाईंचा दवाखाना. वर "आज तर तू घरीच आहेस ना" म्हणून वडाभाताची फर्माईश. ह्यांचा शनिवार मात्र खरा सुट्टीचा. सोमवारी मी कार्यालयात जायची ती थकूनच. फाईल उघडावीशी वाटेना. साहेब म्हणाले, "मॅडम, पूर्वीचा उत्साह दिसत नाही." मलाही वाटलं, कामावरचं मनच उडालं आपलं.

मन कामावरून उडालंच नव्हतं. आठवड्यात मला एकही दिवस सुट्टी नव्हती, एवढंच. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत आकडा आहे: घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, आणि करणारे पुरुष 97. जवळजवळ पाच तास एकीकडे, दीड तास दुसरीकडे!

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिली नव्हती बरं. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे कित्येक वर्षं भांडले. एप्रिल 1890 मधल्या त्यांच्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते, आणि तिथे दोन कामगार बायाही बोलल्या. जूनमध्ये सुट्टी मिळाली. त्या दोघींचा पहिला रविवार घरी कसा गेला असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मी भांडले नाही, फक्त सांगितलं. शनिवारी सकाळी सहा ते नऊ मी घरात नाही. कॉटन मार्केटची भाजी ह्यांनी आणायची, चहाही तेच करतील. पहिल्यांदा भेंडी अशी जून आणली की विचारू नका! मी काही बोलले नाही, तीच चिरली. रात्री आठनंतर कार्यालयाचे मेसेजही बघत नाही. डिसेंबरात अधिवेशन असलं की मात्र हे सगळं गुंडाळून ठेवावं लागतं. तेव्हा रजा नाही, घड्याळ नाही. ते पंधरा दिवस आम्ही सरळ बाहेरून डबा लावतो, आणि त्याची लाज वाटून घेत नाही.

सासूबाई दोन शनिवार माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी मी चपला घालत होते, तर म्हणाल्या, "मलाही ने नं." आता अंबाझरीला आम्ही दोघी जातो. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं कमी आणि बाकावर बसणं जास्त होतं. येताना तर्री-पोहे खातो. घरी कुणाला सांगत नाही.