तेराव्याच्या आत सही नको

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत डोंबिवलीच्या वकील ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी ताई बोलल्या तसंच, थोडं आवरून देत आहोत. – संपादक मंडळ)



माझं ऑफिस डोंबिवली पूर्वेला, स्टेशनजवळ. कुटुंबाच्या केसेस घेणारी वकील म्हटलं की सगळ्यांना घटस्फोट आठवतो. ते काम आहेच. पण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून जी बाई बोलायच्या आधी रडते ना, ती बहुतेक वेळा घटस्फोटाला आलेली नसते. तिचा माणूस गेलेला असतो आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत घरात काहीतरी झालेलं असतं. त्या पंधरा दिवसांबद्दलच आज बोलते.

मुरबाडकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. वय तिशीच्या आतलं, पदरी दोन लेकरं. नवरा लोकलमधून पडून गेला. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दिराने तिला गाडीत बसवून तालुक्याला नेलं. सांगितलं काय, तर सरकारी मदतीचा फॉर्म भरायचाय. तिथे तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, दोन सह्या घेतल्या. सहा महिन्यांनी सातबारा काढायला गेली तेव्हा कळलं, ते हक्कसोडपत्र होतं. आता दावा लावलाय, तो चालेल तितकी वर्षं चालेल. फसवून घेतलेली सही रद्द करता येते, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं, आणि फसवलं हे सिद्ध आपल्याला करावं लागतं. सही करायला दोन मिनिटं लागतात.

तो दीर राक्षस होता का? मला नाही वाटत. त्याला खरंच वाटत होतं की भाऊ गेला म्हणजे जमीन आपल्याकडे आली, वहिनी आज ना उद्या माहेरी जाणार. अशा समजुतीवरच घरं चालतात. कायदा मात्र तसं म्हणत नाही.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याच्या वाट्याला पहिल्या नंबरचे वारस म्हणजे त्याची बायको, त्याची मुलं (मुलगे आणि मुली दोघंही) आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा हिस्सा. बायको, दोन मुलं आणि आई असतील तर चार सारखे वाटे. वडिलोपार्जित जमीन असेल तर आधी त्याचा वाटा काय ते काढायचं, मग त्या वाट्याचे हे हिस्से. यात दीर कुठेच नाही. सासराही या पहिल्या रांगेत नाही. सासू मात्र आहे! हे सुनांनीही लक्षात ठेवा. तिचा पोटचा गोळा गेलेला असतो, आणि तिलाही कोणीतरी सही मागत असतंच.

सभेत आदिवासी भगिनी बसल्यात, त्यांना वेगळं सांगते. हा १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. पण म्हणून काहीच मिळणार नाही असं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या केसमध्ये सांगितलं, की बाईला वगळायची रूढी आहे असं कोणी सिद्ध केलं नसेल, तर तिला बरोबरीचा वाटा द्यायचा. मुस्लिम भगिनींना त्यांच्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा आहे, मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा.

आता एक प्रश्न हमखास येतो, कोणीतरी कुजबुजत विचारते: मी दुसरं लग्न केलं तर? माझ्या हिश्श्याचं काय? १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला, पण त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला होता. ती गोष्ट आता राहिली नाही. नवऱ्याकडून वारसाने आलेला हिस्सा तुमचा स्वतःचा, नंतर लग्न केलंत तरी तो परत जात नाही. ‘माहेरी गेलीस तर काही मिळणार नाही’ हे वाक्य ऐकलं की समजायचं, समोरच्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याला वाटतंय.

दुःखाच्या दिवसांत बाईला एकटं कसं पाडतात ते बघा. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, कोपऱ्यात बसवायचं. जी बाई स्वतःच्या अंगावरच्या मणी-मंगळसूत्राबद्दलही ‘नको’ म्हणू शकत नाही, ती कागदाला कशी ‘नको’ म्हणणार? म्हणून मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव मोठं वाटतं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घ्या म्हणून सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत झालाय का असा ठराव? (हात वर करा म्हटल्यावर दोन-तीनच हात वर आले. – सं.) आणि झाला असेल तर तो पाळला जातोय का, हे गटानेच बघायचं. ठराव भिंतीवर लावून बांगड्या फोडलेल्या मी पाहिल्यात.

कागदांकडे येते. फार नाहीत, पण वेळेत हवेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. जमीन असेल तर मृत्यूचा दाखला लावून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, तीन महिन्यांच्या आत. अर्जात सगळ्या वारसांची नावं आली पाहिजेत, मुलींची सुद्धा. मग नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तुमचं नाव गाळलेलं दिसलं तर त्याच पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही असं धरायचं. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम सरकारला काढावी लागली, कारण गावोगावी उताऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं तशीच पडून होती. आणि अर्जावर सही करताना कागदाचं डोकं वाचा. वारसनोंदीचा अर्ज वेगळा, हक्कसोडपत्र वेगळं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्यामुळे कोणी तुम्हाला त्या कचेरीत घेऊन निघालं, तर आधी विचारा, कशाला? मुलं लहान असतील तर त्यांच्या वाट्याची सही आईनेही कोर्टाला विचारल्याशिवाय करू नये.

लोकलचं सांगते, कारण कसारा, आसनगाव, बदलापूरहून तुमच्या घरचे रोज जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. चालत्या गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाख रुपयांची भरपाई मागता येते. मुदत एक वर्ष. रूळ ओलांडताना गेला तर हा दावा सहसा बसत नाही. म्हणून रेल्वे पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या, नक्कल मागा, आणि खिशातला पास जपून ठेवा. कपडे टाकताना पासही गेला, असं फार वेळा होतं. पण पास सापडला नाही म्हणून केस संपली असंही नाही.

आणि हे सगळं मागायचं तर आधी विचारतात, तुम्ही त्याची बायको कशावरून? डोंबिवलीत एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले. २०२४ ला तर काही देहांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. अशा वेळी बाईच्या हातात लग्नाचा फोटो असतो, दाखला नसतो. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद होते. वीस वर्षांपूर्वी लग्न झालं असलं तरी आज होते. लाज वाटायचं काही कारण नाही, पोरांना साक्षीला नेऊन नोंद केलेली जोडपी मी बघितलीत, पेढे वाटले त्यांनी.

नॉमिनीचाही घोळ असतो. बँकेत नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. वारसांचा हक्क राहतो. विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्या पैशावर त्यांचा दावा पक्का धरतात. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आईचं नाव असतं आणि कोणी बदलत नाही. मग सासू-सून कोर्टात उभ्या. बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात तो जीवन ज्योतीचा विमा, २ लाखांचा. २० रुपये कापतात तो अपघाताचा, तोही २ लाखांचा. पुष्कळ घरांत हे पैसे कापले जातात आणि माणूस गेल्यावर कोणी मागायलाच जात नाही.

गटाने काय करायचं? गटातल्या बाईचा माणूस गेला की तुम्ही भाकरी-पिठलं घेऊन जाताच. तसंच दोघींनी तेराव्यापर्यंत आळीपाळीने तिच्याजवळ बसायचं, आणि कोणी कागद आणला तर म्हणायचं, ‘ठेवा दादा, तेरावं झाल्यावर वाचून बघू.’ एवढंच. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. खरा सरकारी फॉर्म तेराव्यानंतरही भरता येतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. फोनवर १५१०० लावा. आणि पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातलं बँकेचं पासबुक आणि विम्याचा कागद आणा. नॉमिनी कोण आहे ते एकमेकींचं वाचून बघा, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं आधी.