राख तिकडे, गुलाब इकडे



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. ज्वालामुखीची राख! आपल्या मावळात पाऊस आहे, धुकं आहे, पर्यटकांची गर्दी आहे, पण ज्वालामुखी कुठून आणला? तर तो आहे आफ्रिकेत, इंडोनेशियात, आइसलँडमध्ये. आणि तरीही तळेगाव, पवनानगर, येळसे या पट्ट्यात पॉलिहाऊसमध्ये कामाला जाणाऱ्या बाईच्या हजेरीशी त्याचा संबंध आहे. तो कसा, हे आज आपण बघू. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत त्यावर काय ठरवता येईल, तेही बोलू.

२३ नोव्हेंबर २०२५ चा रविवार. इथिओपिया देशाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो कधी फुटल्याची नोंद नव्हती. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली. तिथल्या गावांवर राखेचा थर बसला आणि गुरं-शेरडं पाळणाऱ्या माणसांच्या जनावरांना चरायला गवत उरलं नाही. वर गेलेली राख वाऱ्याने उचलली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवर नेली आणि तिथून अरबी समुद्रावरून आपल्याकडे आणली. सोमवारी रात्री ती गुजरात, राजस्थान करत दिल्लीच्या आकाशात पोचलीसुद्धा. मंगळवारी रात्रीपर्यंत चीनच्या दिशेने निघून गेली.

खाली आपल्याला काहीच जाणवलं नाही, कारण ती होती आठ-दहा किलोमीटर उंचावर. पण मोठी विमानं उडतात ती नेमकी तेवढ्याच उंचीवर. एअर इंडियाने विमानं तपासण्यासाठी ११ फेऱ्या रद्द केल्या. अकासाने जेद्दा, कुवेत, अबुधाबीच्या फेऱ्या रद्द केल्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सगळ्या कंपन्यांना सांगितलं, राखेच्या पट्ट्यातून जाऊ नका, शंका आली तर इंजिन तपासा.

आता तुम्ही विचाराल, राखेला एवढं काय घाबरायचं? चुलीतली राख तर आपण भांडी घासायला वापरतो, धान्याला लावतो, वांग्या-मिरचीच्या रोपांवर टाकतो. मैत्रिणींनो, इथे नावामुळे घोटाळा होतो. चुलीतली राख लाकडाची, मऊ. ज्वालामुखीची राख म्हणजे दगडाचा आणि काचेचा बारीक चुरा. पाट्याला टाकी लावताना जी दगडाची भुकटी उडते ना, तिच्यात काच कुटून घातली तर कशी होईल, तशी ती. पाण्यात विरघळत नाही, बोटावर घासली तर खरखरते.

विमानाचं जेट इंजिन ही भुकटी हवेबरोबर आत ओढतं. आतली उष्णता या काचेला वितळवण्याइतकी असते. काच वितळते आणि पुढच्या पात्यांवर जाऊन चिकटते, कढईत गुळाचा पाक तळाला चिकटावा तशी. हवेची वाट बुजते आणि इंजिन बंद पडतं. शिवाय पुढची काच घासून आंधळी होते. वैमानिकासमोर ढग दाखवणारं रडार असतं, पण ते पावसाचे थेंब ओळखतं. कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही. रात्री तर डोळ्यांनाही दिसत नाही.

हे कळलं ते एका विमानाच्या अनुभवातून. २४ जून १९८२ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान, प्रवासी आणि कर्मचारी धरून २६३ माणसं. लंडनहून निघालेली ही फेरी आपल्या मुंबईत थांबली होती, मग मद्रासला, मग क्वालालंपूरला. तिथून पुढे ऑस्ट्रेलियाकडे जाताना जावा बेटावर गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ते शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. ३७ हजार फुटांवरून विमान नुसतं तरंगत खाली येऊ लागलं. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी पुन्हापुन्हा इंजिन चालू करायचा प्रयत्न करत राहिले. तेरा हजार फुटांच्या आसपास, राखेच्या बाहेर आल्यावर, इंजिनं चालू झाली. घासलेल्या काचेतून धड दिसत नसताना त्यांनी जकार्ताला विमान उतरवलं. सगळे वाचले.

त्यानंतर जगाने धडा घेतला. आज ज्वालामुखीच्या राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रं जगात आहेत. उपग्रहातून राख पाहायची, वारा पाहायचा आणि ती कुठे जाणार ते विमानांना कळवायचं, हे त्यांचं काम. नोव्हेंबरमधल्या राखेवर फ्रान्सच्या तुलूझ शहरातल्या केंद्राचं लक्ष होतं. ही सूचना लहान, खाजगी विमानांनाही लागू पडते. त्यातल्या बऱ्याच विमानांचं इंजिन मोटारीसारखं असतं. त्यात काच वितळून बसायचा धोका कमी, पण हवेची गाळणी चोंदते आणि काचेवर ओरखडे पडतात. आपल्या कामशेतला डोंगरावरून पॅराग्लायडिंग करणारे मात्र जमिनीपासून जवळच उडतात. नोव्हेंबरची राख त्यांच्या कितीतरी वरून गेली.

आणखी एक प्रश्न बायका विचारतात. आपल्याकडे असं काही फुटेल का? तर आपला सह्याद्री हाच मुळी लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर पडून पसरत गेला. एकावर एक थर बसले, पदर सुटलेल्या चपातीसारखे. खंडाळ्याच्या घाटात कापलेल्या कड्याकडे नीट पाहा, ते थर दिसतात. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी याच काळ्या दगडात कोरली आहेत. आपली काळी माती याच दगडाची झीज होऊन झाली. पण तो सगळा प्रकार कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. तेव्हा फोनवर कुणी काही घाबरवणारं पाठवलं तर पुढे ढकलू नका.

आपल्याला जपायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीला. मावळातून फुलं विमानाने जातात. गुलाब काढला की घड्याळ सुरू होतं. काढणी, बादलीत पाणी, ग्रेडिंग, वीस फुलांचा बंच, कोल्ड रूम, खोका, गाडी, मुंबई विमानतळ. ही साखळी आपल्यातल्या कितीतरी जणींच्या हातांनी चालते. टॉप सिक्रेट असो की ताजमहाल, कोल्ड रूममध्ये थोडे दिवस तग धरतो, पण विमानच नसेल तर खोका कुठे जाणार?

हे एकदा मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला एक ज्वालामुखी फुटला. त्याचं नाव एय्याफ्यातलायोकुत्ल. म्हणता आलं नाही तरी चालेल, तिकडच्या बातम्या देणाऱ्यांनाही ते जमत नव्हतं. १५ एप्रिलपासून सहा दिवस युरोपातलं बहुतेक आकाश बंद राहिलं. जवळपास एक लाख फेऱ्या रद्द झाल्या, सुमारे एक कोटी माणसं अडकली. मुंबईहून लंडन, फ्रँकफर्टला जाणारी विमानंही थांबली. माणसांची थांबली म्हणजे मालाचीही थांबली, कारण फुलांचे खोके बऱ्याचदा प्रवासी विमानाच्याच पोटातून जातात.

सगळ्यात जास्त फटका बसला केनियाला. तिथे नैवाशा तळ्याकाठी आपल्यासारखीच पॉलिहाऊसं आहेत, फक्त खूप मोठी, आणि त्यातही बायकाच जास्त राबतात. तिथे कोल्ड रूम भरल्या. काढलेले गुलाब टनांनी फेकले, जनावरांपुढे टाकले. काही माल स्पेनला उतरवून पुढे ट्रकने न्यावा लागला. आणि रोजंदारीवरच्या हजारो कामगारांना सांगितलं गेलं, उद्यापासून येऊ नका. राख आइसलँडमध्ये, आणि चूल थंड पडली आफ्रिकेत.

आपल्याकडे त्या वेळी नशिबाने एप्रिल होता. मावळाचा खरा हंगाम व्हॅलेंटाइनचा. डिसेंबरमध्ये झाडं तयार करायची आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १० फेब्रुवारीच्या आसपासपर्यंत काढणी. वर्षाची कमाई या पंधरा दिवसांवर. आता विचार करा, राखेचे सहा दिवस याच पंधरवड्यात आले तर?

विमान थांबवणं बरोबरच आहे. २६३ माणसांचा जीव फुलांपेक्षा मोठा. पण नुकसान कुणी सोसायचं, हे आधी ठरलेलं नसलं की ते घरंगळत खाली येतं. खरेदीदार म्हणतो माल पोचला नाही, पैसे नाहीत. शेतकरी म्हणतो पैसे आले नाहीत, काम नाही. शेवटी ते थांबतं जिची हजेरी लागली नाही तिच्यापाशी. तिला कुणाला खाली ढकलता येत नाही. म्हणून पुढच्या गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात, असं मला वाटतं.

पहिली, कामावर जाणाऱ्यांसाठी. हंगाम सुरू होण्याआधी एकटीने नव्हे, सगळ्याजणींनी मिळून मालकाशी बोला. माल अडकला तर त्या दिवसांत आमच्या हाताला दुसरं काय काम? पॉलिहाऊसमध्ये कामाला तोटा नसतो. छाटणी, तण, बेडची डागडुजी, जुनी पानं वेचणं, पॅकिंग शेडची सफाई. निदान अर्ध्या जणींना आळीपाळीने काम मिळेल असं ठरवता येतं. ठरलं ते वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या. आपल्या कितीतरी मालकिणी आणि मालक हे गावातलेच आहेत. भांडणाची गरज नाही, पण तोंडी शब्द गर्दीच्या दिवसांत विसरला जातो.

दुसरी, ज्यांचं स्वतःचं पॉलिहाऊस आहे त्यांच्यासाठी. सगळी फुलं एकाच वाटेवर ठेवू नका. विमानं थांबली की सगळ्यांचाच माल एका दिवशी पुण्याच्या मार्केट यार्डात आणि दादरला जातो आणि भाव कोसळतो. म्हणून लोणावळ्याची हॉटेलं, बंगले, मंगल कार्यालयं, लग्नाची सजावट करणारे यांच्याशी थोड्या मालाचा वर्षभर व्यवहार ठेवा. भाव कमी मिळेल, पण अडचणीच्या दिवशी फोन उचलणारा माणूस असेल. निर्यातदाराशी व्यवहार करतानाही विचारा, विमान रद्द झालं तर कोल्ड रूमचं भाडं आणि माल कुणाच्या अंगावर?

तिसरी गोष्ट फार जपून ऐका. गुलाब उरले म्हणून त्यांचा गुलकंद करू नका. निर्यातीच्या गुलाबावर कीड आणि बुरशीची औषधं वारंवार फवारलेली असतात. तो गुलाब बघायचा आहे, खायचा नाही. गुलकंदाला वेगळा, न फवारलेला देशी गुलाब लागतो. हीच काळजी जनावरांपुढे टाकतानाही घ्या. उरलेल्या फुलांची जागा खताच्या खड्ड्यात.

चौथी, गटाची. कर्जाच्या पैशाला हात न लावता अडीअडचणीचा वेगळा डबा ठेवा. दहा जणींनी महिन्याला पन्नास रुपये टाकले तर वर्षाला सहा हजार होतात. फार नाहीत. पण कामावर जाणाऱ्या चौघींची चूल आठवडाभर पेटती ठेवायला तेवढे पुरतात, आणि सावकाराच्या दारात जायची वेळ येत नाही. आज राखेचं निमित्त, उद्या युद्धामुळे आकाश बंद होईल, परवा साथ येईल. डबा सगळ्यालाच कामी येतो.

पाचवी, घरातलं कुणी आखातात किंवा परदेशात असेल तर. राखेची बातमी आली की विमान कंपनीला फोन केल्याशिवाय मुंबईला निघू नका. ज्वालामुखीमुळे फेरी रद्द झाली तर वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, कारण त्यात कंपनीचा दोष नसतो. पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक मागायचा हक्क प्रवाशाला आहे. तिकिटाची प्रत आणि आलेला मेसेज जपून ठेवा.

ज्वालामुखी कधी फुटणार हे आपल्या हातात नाही, वारा कुठे वाहणार हेही नाही. पण खोका अडकला त्या दिवशी कुणाच्या घरी काय शिजणार, हे बरंचसं आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते घेऊन झाले की दहा मिनिटं काढा आणि एवढा एकच प्रश्न घ्या: विमान सहा दिवस उडालं नाही तर आपल्यापैकी कुणाकुणाची हजेरी बुडेल? नावं वहीत लिहून काढा. डबा किती मोठा हवा, ते त्या यादीवरून लगेच कळेल.