डॉक्टर मुलगी, परदेश आणि व्हिसाचा कागद

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणावरून)



आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. तेव्हा अमेरिकेच्या व्हिसावर आम्ही काय बोलणार, असं कुणी म्हणेल. पण आज आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी एम.बी.बी.एस. होत आहेत. अमेरिकेतली स्थळं येतात. मुलगा डॉक्टर, मुलगीही डॉक्टर. आपण हुंडा नको म्हणतो, पत्रिका नको म्हणतो, ते चांगलंच आहे. पण मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, हे कुणी विचारीत नाही. म्हणून हा विषय घेतला.

इथली डिग्री दाखवून तिथे दवाखाना टाकता येत नाही. आपल्या धम्मदीक्षेच्याच साली, म्हणजे १९५६ मध्ये, तिथे ई.सी.एफ.एम.जी. ही संस्था निघाली. परदेशी डॉक्टरांनी परीक्षा देऊन तिचा दाखला घ्यायचा आणि मग एखाद्या हॉस्पिटलात पगारी रेसिडेन्सी करायची. हे शिक्षण बहुतेक ठिकाणी १ जुलैला सुरू होतं. त्यासाठी मुख्य व्हिसे दोन. एक जे-१ आणि दुसरा एच-१बी. एच-१बीसाठी तिसरी परीक्षाही आधी पास व्हावी लागते आणि अर्ज हॉस्पिटलने करावा लागतो.

आता बायकोचं पहा. नवरा जे-१ वर असेल तर बायकोला जे-२ मिळतो. त्यावर वर्क परमिट काढून तिला नोकरी करता येते. नवरा एच-१बीवर असेल तर बायको एच-४ वर. एच-४ वर शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ बायकांना वर्क परमिट मिळू लागलं, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळाली तरी व्हिसाचा दर्जा बदलल्याशिवाय ती रुजू होऊ शकत नाही. डॉक्टर असून पोरगी घरी भांडी घासत बसते.

जे-१ ला मोठी अट आहे. शिक्षण संपलं की मायदेशी येऊन दोन वर्षं राहायचं. तोवर एच व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. बाबासाहेबांनी १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेतली तेव्हा दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तसाच हा करार समजा. आणि नीट ऐका, ही अट जे-२ वरच्या बायकोलाही लागते.

यातून सुटायची एक वाट आहे. १९९४ पासून सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाची योजना आहे. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं एच-१बीवर पूर्ण वेळ काम करा, अट माफ. दर राज्याला वर्षाला तीस जागा. नवऱ्याला माफी मिळाली की बायकोलाही मिळते. पण तो एच-१बीवर गेला की ती जे-२ वरून एच-४ वर येते आणि तिचं वर्क परमिट जातं. नवऱ्याची बढती, बायकोची नोकरी बंद! शिवाय जे-२ वालीला स्वतःहून माफी मागता येत नाही. फारकत झाली किंवा नवरा वारला तर तिथल्या परराष्ट्र खात्याकडे दाद मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

आणखी एक. व्हिसाचा शिक्का निराळा आणि तिथे राहण्याचा दर्जा निराळा. दर्जा अमेरिकेत बसून बदलता येतो, पण पासपोर्टावर नवा शिक्का बसत नाही. मग घरी लग्न असो की मयत, इकडे आलं की परत जाण्यापूर्वी वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागतो. तो लांबला तर नोकरी टांगणीला. नियमही बदलतात. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम जाहीर झाली. म्हणून त्या त्या वेळचा नियम जाणकार वकिलाकडून तपासा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

तेव्हा आयाबहिणींनो, स्थळ आलं तर चार प्रश्न विचारा. मुलगा कोणत्या व्हिसावर आहे? दोन वर्षांची अट लागते का? आपल्या मुलीला पगारी काम करता येईल का? त्याचा दर्जा बदलला तर तिचं काय होईल? यात लाजायचं कारण नाही. आणि शक्य असेल तर मुलीने परीक्षा इथेच देऊन स्वतःच्या नावाच्या जागेवर, स्वतःच्या व्हिसावर जावं. जे-१ असेल तर दोन वर्षांची अट तिलाही लागेल, पण कागद तिच्या हातात राहील.

बाबासाहेबांनी बायकांच्या हक्काचं हिंदू कोड बिल अडलं तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडलं. त्यांच्या लेकींनी शिकून सवरून नवऱ्याच्या कागदाला लटकून राहू नये, एवढंच आमचं सांगणं.

जय भीम! नमो बुद्धाय!